टीटी फॉर्मवरची सही

दाजींनी आयुष्यात एकदाच घाई केली, ती अक्काला बघायला आले तेव्हा. एरवी द्राक्षाला औषध मारायचं असलं तरी ते आधी आभाळ बघणार, मग पंचांग, मग शेजाऱ्यानं मारलं का ते. पलूसच्या वरच्या अंगाला पाऊण एकर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी तलाठ्याकडून तीस वर्षांचे फेरफार काढून आणले होते. इतर हक्कात सोसायटीचा जुना बोजा दिसला. तो उतरवल्याची नोंद हातात पडेपर्यंत विसाराचा रुपया दिला नाही. तेच दाजी गेल्या वर्षी साडेतीन लाखांची जुनी गाडी बघायला गेले आणि टायरला दोन लाथा मारून, काच वरखाली करून म्हणाले, "गाडी झकास हाय. द्यायचं का टोकन?"

मला त्यांनी बरोबर नेलं होतं ते मी शाळेत संगणक शिकवतो म्हणून. मेव्हण्याला मोबाइलमधलं कळतं, एवढीच माझी लायकी. इंजिनातलं दाजींना कुणी सांगायची गरज नव्हती. १९१० पासून लोखंडाशी खेळणाऱ्या किर्लोस्करवाडीत त्यांनी फिटर म्हणून हयात घालवली. बॉनेट उघडून, डोळे मिटून नुसता कान लावला की कुठली बेअरिंग रडते ते सांगतात.

गाडी पांढरी, पेट्रोल, २०१६ची, एमएच १२ म्हणजे पुणे पासिंग. सांगली रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये अशा दहा-बारा उभ्या होत्या. दलाल तोंडानं गोड. "फर्स्ट ओनर, मालक. पुण्याच्या डॉक्टरची गाडी. गेल्याच आठवड्यात उतरवली." जुन्या गाड्यांच्या बाजारात जेवढे डॉक्टर आढळतात तेवढे सिव्हिल हॉस्पिटलात नसतील, दवाखाना ते घर एवढीच गाडी चालवणारे, आणि सगळे पुण्याचे.

पुराचं तेवढं आम्हाला सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, आमच्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढताना बोट उलटली. २०२१ला पुन्हा पाणी आलं. त्यानंतर इकडचा माणूस गाडी घेताना आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो. गाडी धुणारा सीट धुतो, गालिचे बदलतो, पण पट्ट्याचा आत गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग कुणी धूत नाही. तिथं मळीची रेघ असते. दाजींनी चारही पट्टे ओढले, डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. कोरडं होतं.

मग त्यांनी दलालाकडं पेन्सिल मागितली. चासी प्रिंट घ्यायची होती. ड्रायव्हरशेजारच्या सीटखालचा गालिचा वर करून, रॉकेलच्या बोळ्यानं पत्रा पुसून, त्यांनी नंबरावर पेन्सिलचं शिसं आडवं घासलं. त्यावर सेलोटेपची पट्टी दाबून चिकटवली आणि अलगद उचलली. पट्टीवर सतरा अक्षरं-आकडे उमटले. पंपांच्या कास्टिंगवर नंबर पंच करण्यात ज्याची वर्षं गेली तो माणूस ती पट्टी उजेडात धरून बघतो, ते बघण्यासारखं असतं. अक्षरांची उंची सारखी आहे का, खोली सारखी आहे का, कुठं पत्रा घासून पुन्हा ठोकलाय का. "एका हातानं मारल्यात," असं म्हणून त्यांनी पट्टी आरसीच्या झेरॉक्सवर चिकटवली. सतरा म्हणजे सतराच हवेत, आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गफलत करतात. हे त्यांनी मला सांगितलं. मला माहीत नव्हतं.

चासीचा हा खटाटोप उगाच नाही. २०१९च्याच पावसाळ्यात पनवेल भागात साठवून ठेवलेल्या चारशेच्या आसपास कोऱ्या गाड्या पाण्यात गेल्या होत्या. त्या भंगारात काढायच्या म्हणून विकल्या गेल्या. पण भंगारात न जाता चासी नंबर बदलून रस्त्यावर आल्या आणि बऱ्याचशा लांबच्या राज्यांत खपल्या. २०२१च्या सुरुवातीला नवी मुंबई पोलिसांनी हा धंदा उघडकीला आणून दीडशेच्या घरात गाड्या जप्त केल्या. गाडी जप्त होते ती शेवटच्या माणसाच्या दारातून, आणि त्यानं तर पूर्ण पैसे मोजलेले असतात.

आता माझी पाळी. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला. मालकाचं नाव तिथं अर्धं झाकलेलं येतं. नोंदणी चालू, पंधरा वर्षं २०३१ला भरणार, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. विमा संपलेला. फायनान्सरच्या रकान्यात एका बँकेचं नाव. दलाल म्हणाला, "कर्ज कवाच फिटलंय, मालक. ते नाव तसंच राहतंय."

"सातबाऱ्यावर बी तसंच राहतंय," दाजी म्हणाले. पहिल्यांदा त्यांचा आवाज जमीन घेताना असतो तसा झाला.

मग महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या साइटवर गेलो. गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळा हिशेब उघडतो. सहा चलनं थकलेली. दोन पुण्यातली, जुनी. चार मिरज-सांगलीकडची, आणि त्यातलं पहिलं चौदा महिन्यांपूर्वीचं. गेल्या आठवड्यात पुण्याहून उतरलेली गाडी चौदा महिन्यांपूर्वी मिरजेत सिग्नल तोडत होती. दलाल हसला. मग म्हणाला, "मधी एकजण होता. पर त्येच्या नावावर न्हाईच झाली. म्हणून फर्स्ट ओनरच की."

या "म्हणून"मध्ये निम्मा बाजार चालतो. पुण्याच्या मालकानं गाडी विकली, टीटी फॉर्मवर म्हणजे नमुना २९ आणि ३०वर सह्या करून दिल्या. तारीख कोरी, घेणाऱ्याचं नाव कोरं. घेणाऱ्यानं स्टॅम्पवर नोटरी केली, गाडी वापरली, कंटाळा आला तसे तेच कोरे फॉर्म पुढच्याच्या हातात दिले. चार हात झाले तरी आरसीवर पहिलाच माणूस. फी वाचते, हेलपाटे वाचतात आणि "फर्स्ट ओनर" म्हणून दर वर जातो. १९८८चा मोटार वाहन कायदा मात्र सांगतो की विकणाऱ्यानं त्याच राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं. एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यालाही आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, गाडी ताब्यात घेतल्याचं पोर्टलवर कळवावं लागतं आणि मग ती विकली जाईपर्यंतची जबाबदारी त्याची. आमच्या दलालाला मी ते विचारलं. "आम्ही काय व्यापारी न्हाई, मधलं हाय," तो म्हणाला.

टीटी फॉर्म त्यानं दाखवले. निळ्या शाईची सही, ठळक, खाली रेघ ओढलेली. दाजी बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ह्या माणसाशी एकदा बोलू."

"नंबर न्हाई, मालक. त्यो परदेशात असतो."

नंबर गाडीतच होता. डॅशबोर्डच्या खणात हवेच्या पावत्या, एक तुटका चष्मा आणि सर्व्हिसिंगचं २०२१चं बिल. बिलावर मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर. दाजींनी मला लावायला सांगितला. मी स्पीकरवर लावला. बाईंनी उचलला.

मी गाडीचा नंबर सांगितला, साहेब आहेत का विचारलं.

"ते गेले. दीड वर्ष झालं." मग थोडं थांबून, "त्यांचा फोन मी चालू ठेवलाय. तुमच्याकडच्या चलनाचे मेसेज त्यांच्याच फोनवर येतात हो. मिरज, मिरज. मला आधी वाटायचं चुकून येतायत."

दलाल फॉर्म घडी घालत होता. दाजींनी त्याच्याकडं बघितलंही नाही. शेडमधून बाहेर येऊन त्यांनी रस्त्यापलीकडच्या टपरीवर दोन चहा सांगितले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "मेलेल्या माणसाकडनं गाडी घेत होतो की रं मी."

झालं असतं तसंच. दलालानं कोऱ्या जागी त्या दिवसाची तारीख घातली असती आणि दीड वर्षापूर्वी वारलेल्या माणसानं दाजींना गाडी विकली असती. मालक गेला की त्याची कोरी सही काही त्याच्या मागं काम करत राहत नाही. वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांत नमुना ३१वर अर्ज करायचा, आरसी आधी वारसाच्या नावावर यायची आणि मग पुढं. जमिनीला वारस फेरफार लागतो हे दाजींना पाठ होतं. गाडीला लागतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि खरं तर माझ्याही.

सांगली कोर्टात वकिली करणारा माझा वर्गमित्र संध्याकाळी भेटला. त्यानं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा त्या बाईंची काळजी केली, आमची नाही. म्हणाला, २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिलाय. विजय कुमारनं २००७मध्ये मोटार विकली, ती पुढं हातोहात गेली, २००९मध्ये तिच्याखाली एक पोरगं दगावलं. आरसीवर तेव्हाही विजय कुमारच. न्यायालय म्हणालं, कायद्याच्या लेखी मालक तोच, भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात ज्यांचं माणूस गेलं त्यांनी गाडी कुणाकुणाकडं फिरली ते शोधत बसायचं का, असा त्यामागचा विचार. म्हणजे मिरजेत सिग्नल तोडणाऱ्यानं एखाद्याला उडवलं असतं तर नोटीस पुण्याच्या त्या घरी गेली असती.

"आणि आमचं?" दाजींनी विचारलं.

तुमचं वेगळं दुखणं, तो म्हणाला. गाडी विकली की समोरच्याच्या नुकसानीचा विमा कायद्यानं नव्या मालकाकडं गेला असं धरतात. पण तुमच्या स्वतःच्या गाडीची मोडतोड, चोरी, पूर, याचा विमा आपोआप येत नाही. ते सर्वोच्च न्यायालयानं १९९६लाच स्पष्ट केलंय. १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव चढवायचं. आरसी एकाची, विमा दुसऱ्याचा, गाडी तिसऱ्याच्या दारात, असं असलं की क्लेमच्या वेळी सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात. जाता जाता त्यानं कर्नाटकाचं सांगितलं, कारण आमच्याकडं तो मोह कायम असतो. केए २३ची गाडी चिकोडीकडं पन्नास हजारांनी स्वस्त दिसते. तिकडची एनओसी, इकडचा कर आणि बारा महिन्यांत इकडचा नंबर, हे सगळं धरलं की ते पन्नास हजार कुठं जातात कळत नाही.

मला वाटलं दाजी आता गाडी सोडतील. मी असतो तर सोडली असती. पण इंजिन त्यांच्या मनात भरलं होतं आणि त्या बाईंचं बोलणंही मनातून जात नसावं. त्यांनी दुसऱ्या दिवशी दलालाला निरोप धाडला: नाव बाईंच्या मार्गानं चढणार, चलनं तू भरणार, बँकेचा बोजा उतरल्याशिवाय दहा हजारांच्या वर विसार नाही. दलाल दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला. त्याच्याकडंही ती गाडी अडकलेलीच होती.

पुण्याला आम्ही दोनदा गेलो. बाईंचं घर हडपसरला, तिसऱ्या मजल्यावर. बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आणि नमुना ३५ कपाटात, पासबुकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेले. पत्र जुनं झालं म्हणून बँकेकडून नवं काढावं लागलं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मुलाची संमती. दाजी प्रत्येक कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचायचे, बाई चहा आणायच्या. साहेब डॉक्टर नव्हते. टेलिफोन खात्यात होते. जाताना बाई खाली गाडीपर्यंत आल्या, खिडकीतून हात घालून डॅशबोर्डच्या खणातला तो तुटका चष्मा काढून घेतला आणि काही न बोलता वर गेल्या.

बोजा उतरला, गाडी बाईंच्या नावावर झाली, मग दाजींच्या. सगळं मिळून अडीच महिने. एवढ्यात दाजींची द्राक्षं छाटून झाली. नवी आरसी पोस्टानं आली त्या दिवशी त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि मालकाच्या क्रमांकावर बोट ठेवलं. तीन. पहिला गेलेला, दुसऱ्या त्या बाई, त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. वर्षभर ती मिरजेत पळवणारा माणूस मात्र सरकारी दप्तरात कुठंच नाही.

सेलोटेपची ती पट्टी दाजींनी सातबाऱ्याच्या फाइलीत लावून ठेवली आहे.

गेल्या महिन्यात तासगाव रस्त्याला दाजींचा फोटो निघाला, सीटबेल्ट लावला नव्हता. चलनाचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर आला. अक्कानं तो पडवीतल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, आणि दाजींनी पान लावता लावता मला हाक मारली, "भर रं ते, लगीच."