जोर कोठून येतो ?

जोर म्हणजे दंडांतील बळ, असा आपला सर्वसाधारण समज असतो. ज्याचा दंड जाड त्याचा तडाखा मोठा. आणि ज्याचा हात बारीक त्यानें बॅटच्या वाटेस जाऊं नये, असें आपण सहज बोलून जातों. हा समज किती अपुरा आहे, हें आमच्या शाळेंतील नववीच्या एका विद्यार्थिनीनें सॉफ्टबॉलच्या मैदानावर मला दाखवून दिलें. तिची हकीकत बालवाचकांस, आणि विशेषतः त्यांच्या पालकांस, सादर करावी म्हणून हा लेखनप्रपंच.

सॉफ्टबॉल हा खेळ आपल्या धाराशिव जिल्ह्यास तसा परकाच. १८८७ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं, थंडीच्या दिवसांत छपराखालीं बेसबॉल खेळतां यावा म्हणून, त्याचा जन्म झाला. आपला जिल्हा खो-खोचा. २०१६ सालच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे ह्या येथल्याच. २०२० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला. त्यामुळें मुलींनीं मैदानावर धांवणें आतां येथें कोणास नवें वाटत नाहीं. मात्र मुलीच्या हातीं बॅट दिसली कीं अजून पुष्कळांच्या कपाळास आठी पडते.

ही मुलगी धांवण्यांत व चेंडू अडविण्यांत कोणास हार जात नसे. परंतु बॅट हातीं आली कीं तिचे तिन्ही फटके हवेंत जात आणि ती मान खालीं घालून परते. तिचे वडील कोरडवाहू शेतकरी. ते मला म्हणाले, "गुरुजी, पोरीच्या हातात जोरच न्हाई. औंदा खेळू द्या. फुडल्या साली दहावी हाय, मग बंद करू." त्यांच्या बोलण्यांत कठोरपणा नव्हता, काळजी होती. मला निराळीच काळजी वाटली. तेंच वाक्य आतां मुलगीही बोलूं लागली होती. आणि 'माझ्यांत जोर नाहीं' ही समजूत चौदाव्या वर्षीं एकदां मनांत घर करून बसली, म्हणजे ती मैदानावरच राहत नाहीं, गणिताच्या वहींतही शिरते.

मी शास्त्र विषय शिकवितों. म्हणून प्रथम हिशेब मांडला. महिलांच्या खेळांत चेंडू टाकणारी ४३ फुटांवर, म्हणजे सुमारें १३ मीटरांवर, उभी असते. ताशीं ९० किलोमीटर वेगाचा चेंडू हें अंतर जेमतेम अर्ध्या सेकंदांत तोडतो. तेवढ्या अवधींत चेंडू पाहावयाचा, मारावा कीं सोडावा हें ठरवावयाचें, आणि बॅट फिरवावयाची ! दूरच्या वाटेनें येणारी बॅट कितीही बळानें फिरविली तरी तिला उशीर होणारच. आमची मुलगी, लांब काठीनें चिंचा झोडाव्यात तसे हात ताणून बॅट फिरवी. कंबर मात्र जागच्या जागीं. दोरीस खडा बांधून ती बोटाभोंवतीं गुंडाळूं दिली, तर दोरी आंखूड होतां होतां खडा अधिकाधिक भराभर फिरतो, हें प्रत्येक मुलानें पाहिलेलें असतें. बॅटचेंही तसेंच आहे. वळतांना हात अंगाशीं असावेत. ते लांबवावयाचे चेंडूशीं गांठ पडण्याच्या क्षणीं.

हें सारें मीं फळ्यावर काढून दाखविलें. तिनें मान डोलाविली, पण बॅट पूर्वीसारखीच फिरली. तेव्हां मीं विचारलें, "तुमच्या ज्वारीची राखण कोण करतें ?"

"मीच करते, सर. माळ्यावर मीच असते."

दुसऱ्या दिवशीं तिला गोफण आणावयास सांगितलें. मैदान रिकामें होतें. तिनें मारलेला धोंडा पलीकडील बाभळीच्याही पुढें गेला. मग तीच क्रिया धोंड्यावांचून, सावकाश करविली. भार मागच्या पायावर गेला, पुढचा पाय पडला, कंबर वळली, मागून खांदा आला, आणि हात सर्वांच्या शेवटीं. "पाहिलेंस ? जोर जमिनींतून पायांत आला, पायांतून कंबरेंत. हात नुसता निरोप्या." ती खुदकन हंसली.

त्या दिवसापासून आम्हीं एका वेळीं एकच गोष्ट धरली. दोन चुका एकदम सुधारूं गेल्यास दोन्ही हातच्या जातात. पहिला आठवडा बॅटशिवाय : पुढचा पाय वीतभर टाकावा, मागची टांच उचलून कंबर वळवावी. दुसऱ्या आठवड्यांत कंबरेइतक्या उंच खुंटावर चेंडू ठेवून मारावा. बॅट तळव्यांत आवळूं नये, बोटांत धरावी. तिसऱ्यांत बाजूनें हळूच उडविलेला चेंडू; डोकें स्थिर, नजर चेंडूवर. सकाळच्या प्रार्थनेपूर्वीं रोज पन्नास फटके. ती एकही दिवस चुकली नाहीं.

पुढील सामन्यास तिचे वडील आले. पहिल्या खेपेस ती बाद झाली. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं त्यांस टेड विल्यम्सची गोष्ट सांगितली. बेसबॉलच्या ह्या विख्यात फलंदाजाची १९४१ च्या मोसमांतील सरासरी ·४०६ होती; म्हणजे दहांतून सुमारें सहा खेपा तोही रित्या हातीं परतला. वडील क्षणभर थांबून म्हणाले, "दहातली चार सालं पिकली तर शेतकरी बी थोरच म्हणायचा, गुरुजी."

दुसऱ्या खेपेस तिचा फटका जमिनीलगत सरळ मैदानाच्या मध्यांतून गेला आणि ती पहिल्या बेसवर पोंचली. सामना आम्ही हरलों. जातांना वडिलांनीं एवढेंच विचारलें, "दहावीच्या वर्षी सकाळचीच येळ ठेवाल का ? सांजच्याला अभ्यास हुईल."

पालकहो, आपल्या मुलांत अमुक एक जोर नाहीं असें म्हणण्यापूर्वीं, शेतांत, घरांत, अंगणांत तें मूल कोणतें काम लीलया करतें, हें एकवार पाहावें. पुष्कळदां जोर असतोच. त्याला नव्या कामाची वाट कोणी दाखविलेली नसते.