पट्टा पडला

शनिवारी काष्टीला जनावरांचा बाजार भरतो. त्या दिवशी खिडकीतून बैलांचे हंबरणे आणि टेम्पोंचे हॉर्न ऐकत आम्ही जावास्क्रिप्ट शिकलो. सकाळची वंदना आटोपली की संगणक-कक्ष. तिघांत एक यंत्र. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये या भाषेचा पहिला आराखडा सुमारे दहा दिवसांत उभा केला, असे सर सांगत. आम्हांला तिच्यातील चार ओळी उमगायला दोन आठवडे लागले.

पानावरील मजकुराला एक ओळखनाम द्यायचे, बटणावर क्लिक होताच ते नाव शोधायचे आणि तेथे नवा मजकूर ठेवायचा, एवढेच. परंतु तेच नाव एकदा मोठ्या 'ए'ने आणि एकदा लहान 'ए'ने लिहिले गेले, की बटण मुके! मोठे-लहान अक्षर हा भेद देवनागरीत नाहीच. म्हणून ही चूक आमच्या हातून हटकून होई.

बहुतेकांनी 'नमस्कार'चा 'जय भीम' केला. आमच्यातील एकीने मात्र निराळे पान रचले. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. पानावर लिहिले होते, 'आई फडावर आहे.' खाली बटण : 'पट्टा पडला.' कारखान्याचा हंगाम सरला, की आमच्याकडे पट्टा पडला म्हणतात. बटण दाबले, की अक्षरे पालटत : 'आई घरी आली.' आम्ही सर्वांनी ते आळीपाळीने दाबून पाहिले. मग कोणीतरी पान रिफ्रेश केले, आणि आई पुन्हा फडावर गेली.

ती रडली नाही, चिडली. यंत्राने सांगितलेले ऐकावे आणि लगेच विसरावे, हे तिला पटेना. सरांनी समजावले : क्लिकने बदलते ते ब्राउझरने स्मृतीत मांडलेले पान, मूळ फाइलला त्याची वार्ताही नसते. पान पुन्हा उघडले, की ब्राउझर ती फाइलच नव्याने वाचतो. मागच्या बाकावरून कोणी 'अनित्य' असे पुटपुटला. सरांनी त्याला गप्प केले.

मार्चअखेर आई खरोखरच आली. त्या आठवड्यात तिने मूळ फाइल उघडली, पहिले वाक्य खोडून दुसरे टंकले आणि बटण काढून टाकले.

पुढच्या दिवाळीनंतर ते तिला परत घालावे लागले.