हैदराबाद नं. 12-अ

मस्तगड हा जालन्याचा किल्ला 1725 सालचा, निजामांचे आसफजाही राज्य नुकतेच उभे राहत होते त्या काळातला. तिथे बांधणीचे साल सांगणारा फारसी लेख आहे. असे लेख बांधणाऱ्याचे नाव सांगतात. पैसा कुठल्या गावांच्या साऱ्यातून आला, हे सांगत नाहीत. तसाच एक लेख लंडनच्या हवाई दल संग्रहालयात एका बॉम्बफेकी विमानावर आहे.

०

विमान डीएच-9ए जातीचे, दोन आसनांचे, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेले. क्रमांक एफ-1010. अंगावर रंगवले आहे की ही हैदराबादच्या निजामाची भेट, ‘हैदराबाद नं. 12-अ’. ब्रिटिश हवाई दलाच्या 110 व्या स्क्वाड्रनची पहिली विमाने निजाम मीर उस्मान अली खानांनी दिली, म्हणून स्क्वाड्रनच्या नावातही ‘हैदराबाद’ आले. जालना तेव्हा त्याच राज्यात होते.

०

1918 साली दख्खनेत पावसाने दगा दिला आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने घरेच्या घरे ओस पडली. रयतेच्या साऱ्यावर चाललेल्या दरबाराने त्याच वर्षी जर्मन शहरांवर जाणारी विमाने भेट दिली. ज्वारी-कापूस पिकवणाऱ्याला कोणी विचारले नाही.

०

सुडाची साखळी आधीच सुरू झाली होती. 13 जून 1917 ला जर्मन गोथा विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले. पॉप्लरच्या एका शाळेत 18 मुले मेली. जशास तसे, अशी मागणी ब्रिटनमध्ये उठली. पुढच्या वर्षी ब्रिटिश सेनानी ट्रेंचर्डच्या हाताखाली फ्रान्समध्ये खास बॉम्बफेकी दल उभे राहिले; 110 वे स्क्वाड्रन त्यातलेच. ट्रेंचर्डचे मत असे, की बॉम्बहल्ल्याने मनावर होणारा परिणाम प्रत्यक्ष नुकसानीच्या वीसपट असतो. कागदावर लक्ष्य रेल्वे स्टेशन आणि कारखाने होते, पण हिशेबात माणसांची भीती धरली होती. माझ्या मते शहरे जाळण्याची वाट तिथेच मोकळी झाली.

०

मरणारे विमानातही होते. 21 ऑक्टोबर 1918 च्या एकाच मोहिमेत या स्क्वाड्रनची सात विमाने परतली नाहीत. एफ-1010 त्याआधीच, 5 ऑक्टोबरला, शत्रूच्या हाती पडले होते. ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले गेले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवरच बॉम्ब पडू लागले, तेव्हा तिथली विमाने पूर्वेकडे हलवली. हे विमान पोलंडमध्ये वाचले आणि 1977 मध्ये ब्रिटनला परतले.

०

4 सप्टेंबर 1939 ला याच 110 व्या स्क्वाड्रनची विमाने विल्हेल्म्सहाफेनच्या युद्धनौकांवर गेली. नागरिकांना इजा होऊ नये, अशी तेव्हा सक्त ताकीद होती. 14 फेब्रुवारी 1942 च्या ब्रिटिश हवाई दलाच्या आदेशात मात्र शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे मनोधैर्य हेच मुख्य लक्ष्य ठरले. अडीच वर्षांत ताकीद उलटी झाली. पुढे हॅम्बुर्ग झाले, ड्रेस्डेन झाले. एकट्या ड्रेस्डेनमध्ये सुमारे 25,000 माणसे गेली.

०

9 फेब्रुवारी 1944 ला, युद्ध ऐन भरात असताना, चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सरकारला जाब विचारला. ते नाझींचे कडवे विरोधक होते. कारखान्यावरचा हल्ला त्यांना मान्य होता. त्यासाठी अख्खे शहर पुसून टाकणे मान्य नव्हते. सरकारची बाजू अशी, की शहरांवरच्या बॉम्बहल्ल्यांनी युद्ध लवकर संपेल आणि आपले सैनिक वाचतील. वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री आधी जर्मनांनीच जाळली होती, म्हणून हे म्हणणे पोकळ म्हणून झटकता येत नाही. तरी मी बेल यांच्या बाजूचा आहे. हिटलरचा गुन्हा हॅम्बुर्गच्या तळघरात गुदमरलेल्या पोराच्या नावावर मांडता येत नाही.

०

17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली आणि मराठवाड्याची रयत नागरिक झाली. ‘आम्हाला कोणी विचारले नाही’ हे 1918 च्या शेतकऱ्याला खरेपणाने म्हणता आले असते. आपण कर भरतो, मतही देतो. आपल्या पैशाचा बॉम्ब कुठे पडणार आणि त्याखाली कोण राहते, हे विचारणे आपले काम आहे, आणि ते युद्ध पेटण्याआधी करायचे असते.