धडधड

तळोद्याच्या वखारीत करवत एकाएकी धडधडायला लागली. फळीवर लाटा उमटल्या. बाभूळ एका म्हाताऱ्याची, बांधावरची एकुलती एक. अजून फळी बिघडली असती तर लेकीच्या घराची चौकट गेली. मी घाईघाईत पट्टा बदलला, ताण वाढवला. धडधड तीच!

आप्पांनी मेन स्विच पाडला. "पट्टाना जोडवर खडू लाव."

हातानं चाक हळूहळू फिरवलं. खडूची खूण एकदा फिरून येईपर्यंत पट्टा दोन-तीनदा उचके. जोडाचा दोष असता तर एकदाच उचकला असता.

"पट्टा नही, चाक बोलस."

खालच्या चाकाच्या धावेवर चीक-भुशाचं टेंगूळ बसलेलं, दगडासारखं. पट्टा उतरवून ते खरवडलं. ताणही उतरवला, नाहीतर पट्टाच तडकला असता.

पुढच्या फळ्या साफ निघाल्या. म्हातारा बिघडलेलीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती बी दे. कामले लागी."