तिसरी विचारणा

आमच्या शिक्षकसभेची कार्यपद्धती विनयपिटकाच्या आधाराने आखलेली आहे. भिक्खुसंघात किरकोळ काम नुसते कळवून होई; त्याहून मोठ्यासाठी ज्ञप्ती मांडून एकदा विचारणा; उपसंपदेसारख्या गंभीर कार्यासाठी मात्र तीनदा. संमती असेल त्याने मौन राखावे, नसेल त्याने बोलावे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेला संघातील ठराव, गणसंख्या, मतमोजणी या नियमांचे स्मरण करून दिले होते.

गतवर्षी निधी एकाच कामापुरता होता : संगणक कक्ष, की मुलींच्या वसतिगृहाची पाण्याची टाकी? रंगकाम, फलक हे विषय आम्ही कळवण्यापुरते ठेवले, म्हणून वेळ उरला. कल संगणकांकडे होता. दोन विचारणांना सारे गप्प. सभेत स्वयंपाकघरातील मावशीही बसतात. पण मुख्याध्यापकांसमोर पहिल्या हाकेला त्या बोलतील कशा? आमच्या समाजाचे मौन पिढ्यान्‌पिढ्या संमती म्हणूनच वाचले गेले. तिसऱ्या विचारणेला मावशी उठल्या. "सर, पोरी पहाटे चारला हापशावर रांग लावतात. मग वर्गात पेंगतात."

टाकी आधी झाली. संगणक कक्ष यंदाच्या यादीत पहिला आहे.