वडाळ्याची 175 मते

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत वडाळ्याचे वजन 175 आहे. आमच्या आमदाराने विधान भवनात दिलेल्या एका मताचे हे मूल्य. 1971च्या जनगणनेतली महाराष्ट्राची 5 कोटी 4 लाख लोकसंख्या 288 आमदारांत वाटायची आणि हजाराने भागायची, की 175 येतात. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मत 208चे, सिक्कीमच्या आमदाराचे 7चे. जनगणना जुनी धरली आहे ती मुद्दाम, कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून. हिशेब न्याय्य आहे. तरी दर पाच वर्षांनी कात्रक रोडवर कुणीतरी विचारतोच, "मग आपल्याला का नाही विचारत?"

हाच प्रश्न प्रा. के. टी. शहा यांनी संविधान सभेत विचारला होता. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेल्या या माणसाला राष्ट्रपती थेट जनतेच्या मतांनी निवडलेला हवा होता. डिसेंबर 1948मध्ये बाबासाहेबांनी ही सूचना नाकारताना तीन कारणे सांगितली: मतदारांची अफाट संख्या, अपुरी यंत्रणा आणि राष्ट्रपतिपदाचे नामधारी स्वरूप. पहिली दोन कारणे आता संपली. लोकसभेसाठी आपण अख्खा देश रांगेत उभा करतो. तिसरे मात्र अजून पक्के आहे. कोट्यवधी लोकांनी स्वतः निवडलेला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर निमूट सही का करील? उद्या पंतप्रधानांशी त्याचे बिनसले, तर जनतेचा कौल कुणाकडे आहे हे कोण ठरवणार?

अमेरिकेतली अप्रत्यक्ष निवडीविषयीची तक्रार वेगळी आहे आणि ती खरी आहे. 2016मध्ये हिलरी क्लिंटन यांना 28 लाखांहून जास्त मते अधिक पडूनही त्या हरल्या. तिथला अध्यक्ष स्वतः राज्य चालवतो, म्हणून तिथे प्रत्येक मत थेट मोजले गेलेच पाहिजे.

माझी कसोटी तीच आहे: सत्ता जिथे खरी, तिथे थेट मत. त्या कसोटीवर महाराष्ट्राचा मतदार फसवला गेला आहे, मुंबईकर तर पारच. महाराष्ट्रात सरपंच थेट निवडायचे 2017मध्ये ठरले, 2020मध्ये ते रद्द झाले, 2022मध्ये पुन्हा आले. सरकार बदलले की पद्धत बदलते, लोकांना कुणी विचारत नाही. मुंबईचा महापौर तर नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी. आणि 1888च्या महापालिका कायद्याने कारभाराची सूत्रे आयुक्तांच्या हाती आहेत. मार्च 2022नंतर तर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकही नव्हते, प्रशासकच होता. पावसात आमच्या गल्लीत पाणी तुंबले, तर जाब विचारायला आम्ही निवडलेला माणूस पालिकेत नव्हता.

राष्ट्रपती आमदार-खासदारांनीच निवडावेत. वडाळ्याने, परळने, लालबागने मागणी करावी ती महापौराला खरे अधिकार देण्याची, आणि मग त्याला थेट निवडण्याच्या हक्काची. आधी अधिकार, मग मत. हा क्रम कुणालाही उलटा करू देऊ नका.