आचेवाचून

खजूर-सुकामेव्याच्या वड्या करायला बसलं की गॅस पेटवावा लागत नाही. डिंकाच्या लाडवांसाठी तुपात डिंक फुलवायचा असतो, पाक बघत उभं राहायचं असतं. इथे परात, सुरी, खलबत्ता आणि मोकळी दुपार एवढंच लागतं.

खजूर एकेक उघडायचा. बी काढायची, आत किडीची भुकटी नाही ना ते पाहायचं. हे काम घाईने होत नाही. बोटं चिकट होत जातात, आणि वडीचा सगळा जीव त्या चिकटपणात असतो. मऊ, पिकल्या खजुरातली साखर बहुतांशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते. ती सहज दाणेदार होत नाही, ओलावा धरून राहते. म्हणून पाकाचं काम खजूरच करतो.

हा खजूर येतो इराण, इराक, अरबस्तानातून. खजुराच्या बागा आपल्या कच्छमध्येही आहेत, पण तिथले घोस जून-जुलैत, फळं पिवळी-लाल आणि करकरीत असतानाच उतरवावे लागतात. झाडावर मऊ व्हायची वाट पाहिली तर पाऊस गाठतो आणि फळ नासतं. परातीतला मऊ खजूर पाहिला की मला तो पावसाने न गाठलेला, लांबलचक उन्हाळा दिसतो.

बेदाणा मी तासगावचा घेते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तिकडे द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. त्या द्रावणाने सालीवरचं मेणाचं आवरण सैल होतं आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. वर छप्पर, चहूबाजूंनी कोरडा वारा. पंधरवडाभरात चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा उरतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी पुरंदरच्या अंजिरालाही मिळालं. पण ते अंजीर ताजंच खावं. वडीत मी घालते ते दोरीत ओवून आलेलं सुकं अफगाणी अंजीर.

काजू आपल्या कोकणातला, वेंगुर्ल्याकडचा. दिसायला तो कच्चा, पांढराशुभ्र. पण काजूबीच्या टरफलात कातडी पोळणारं तेल असतं. म्हणून बिया आधी वाफवाव्या किंवा भाजाव्या लागतात, मगच त्या फोडता येतात. मी चुलीशिवाय परातीत टाकते तो गर कुणाच्या तरी हातून आच सोसूनच आलेला असतो.

मसाल्याचंही तेच. सुंठ म्हणजे वाळलेलं आलं. दालचिनी ही झाडाची आतली साल, वाळताना आपसूक गुंडाळलेली. जायफळ तर कवचात खुळखुळेपर्यंत वाळवतात. खलबत्त्यात वेलदोडे आणि सुंठ कुटली, वर जायफळ किसलं, की स्वयंपाकघराला एकदम थंडीच्या पहाटेचा वास येतो. हा ऊबदार वास न पेटलेल्या शेगडीपाशी येतो, याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं.

दोन वाट्या खजूर, वाटीभर काजू-बदाम-अक्रोडाचे भरड तुकडे, अर्धी वाटी बेदाणे आणि बारीक चिरलेली अंजिरं. पाव चमचा सुंठ, तेवढीच दालचिनी, चार-पाच वेलदोड्यांची पूड, चिमूटभर जायफळ, चिमूटभर मीठ. तुपाचा हात लावून सगळं मळायचं, भिंत लिंपायच्या चिखलासारखा दाट, एकजीव गोळा होईपर्यंत. मिश्रण विस्कटलं तर आणखी खजूर घालायचा. दूध किंवा पाण्याचा थेंबही नाही. मग थाळ्यात थापून, वाटीच्या बुडाने दाबून, फ्रिजमध्ये ठेवून वड्या पाडायच्या. दमट हवा न लागता डब्यात राहिल्या तर त्या बरेच दिवस टिकतात, कारण बुरशीला जगायला लागणारं मोकळं पाणी त्यांत नसतं.

गोडवा आणि टिकाऊपणा, दोन्ही एकाच गोष्टीतून येतात: प्रत्येकाने आपलं पाणी आधीच सोडलेलं असतं. कुणी झाडावर, कुणी जाळीवर, कुणी अंगणात. माझ्या परातीत येईपर्यंत रांधणं पुरं झालेलं असतं. उरतं ते फक्त एकत्र आणणं.

आणि हे समजल्यापासून माझा मार्च महिना बदलला. अवकाळीची बातमी आली की पूर्वी फक्त आंब्याच्या मोहोराची चिंता वाटायची. आता तासगावच्या शेडमधल्या जाळ्याही आठवतात. एक ओली रात्र बेदाणा काळा पाडू शकते, आणि शेतकऱ्याचं अख्खं वर्ष त्या बेदाण्याला टांगलेलं असतं. वडी करायला सोपी आहे, कारण अवघड ते सगळं त्या माणसांनी आभाळाकडे डोळे लावून आधीच निभावलेलं असतं. बेदाणा घेताना मी भावाची घासाघीस करत नाही.